बाईंना ऐकू आलेला फोन

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर तुमचे अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे. मनात म्हणायचे, ह्याला ॲसिडिटी झाली असेल, हिची झोप नीट झाली नसेल. माझी आई स्कूटीला लिंबू-मिरची बांधते, मी पार्किंगमध्ये जाऊन ती काढून टाकते. इतका माझा अविश्वास! आजही मी भुताखेतांवर विश्वास ठेवते असं म्हणणार नाही. फक्त जे झालं ते जसंच्या तसं सांगते. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा.

मी भिवंडीजवळ काल्हेरला राहते, गोडाऊन आणि नव्या बिल्डिंगांचं गाव. माझी मैत्रीण सायली पडघ्याची. भिवंडीत कॉलेजला एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची. दोघी मिळून आम्ही एक फॅशन ब्लॉग चालवायचो, नाव होतं ‘कापडवेड्या’. मी लिहायचे, ती फोटो काढायची. आमचा मुद्दा साधा होता... मुंबईच्या मॉलमध्ये ज्या कुर्त्याचं कौतुक करता, त्याचं कापड आमच्या भिवंडीच्या लूमवर निघतं, तर ते निघतं कसं ते बघा. हळूहळू लोक वाचायला लागले. कपड्यांचे ब्रँड बोलवायला लागले.

आणि तिथेच माझं कुठेतरी बिनसलं. कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की लोक सायलीशीच बोलायचे. ती कोणाशीही पहिल्या मिनिटात दोस्ती करायची, मी मागे डायरी घेऊन उभी. “ब्लॉग तुमचाच ना?” असं तिला विचारायचे. ती दर वेळी माझ्याकडे बोट दाखवायची, तरी मला लागायचंच.

अशात आम्हाला बाईंची मुलाखत मिळाली.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. धंद्यात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’च म्हणतात. वज्रेश्वरीकडच्या एका खेड्यातून चौदाव्या वर्षी भिवंडीत आल्या, एका शेडमध्ये शटलला लागणाऱ्या दोऱ्याच्या कांड्या भरायचं काम करायला लागल्या. आज मोठमोठे डिझायनर त्यांच्याकडून कापड बनवून घेतात. पण बाईंची दहशत! सँपल आवडलं नाही तर समोर कात्रीने दोन तुकडे करतात, नमस्काराला उत्तर देत नाहीत, वाटेल तेव्हा “उठ” म्हणतात. मुंबईहून आलेली एक डिझायनर त्यांच्या जिन्यात बसून रडल्याचं मी स्वतः तिच्याच तोंडून ऐकलं होतं. मुलाखत त्यांनी कधीच कोणाला दिली नव्हती. सहा महिने मी त्यांच्या भाचीच्या, मीनाताईंच्या मागे लागले होते. ऑफिस त्याच सांभाळतात.

शेवटी मीनाताईंचा फोन आला. “मंगळवारी बारा वाजता या. दोघी या, चालेल.”

मी सायलीला सांगितलं, “अगं, एकटीलाच बोलावलंय.”

झालं. एवढंच खोटं. तोंडातून निघालं तेव्हा फार मोठं वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, “बरंच झालं गं प्राजू. मला दोन दिवस ताप आहे, उठवतच नाहीये. तू नीट कर, घाबरू नको.” वर तापातच तिने मला अकरा प्रश्न टाइप करून पाठवले. माझ्या प्रश्नांपेक्षा चांगले होते. तेच मी डायरीत उतरवून घेतले.

मंगळवारी मी पावणेबाराला पोचले. बाईंचं ऑफिस त्यांच्या जुन्या शेडच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली लूम सुरू, त्यामुळे जिन्याच्या कठड्यालासुद्धा हात लावला की तो थरथरत होता. मुलाखत फोनवरच रेकॉर्ड करायची होती, मध्ये कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटतं, म्हणून मी फोन फ्लाइट मोडवर टाकला. हे मला पक्कं आठवतं, कारण मीनाताईंनी वाय-फायचा पासवर्ड देऊ का विचारलं आणि मी “नको, सगळं बंद केलंय” म्हटलं.

बाई खिडकीसमोर बसल्या होत्या. पांढरं सुती पातळ, केस घट्ट बांधलेले, नजर सरळ माझ्या तोंडावर. मला समोरच्या खुर्चीत, उजेडात बसवलं.

“कुठची तू?” आवाज इतका मोठा की मी दचकले.

“काल्हेरची.”

“गोडाऊनवाल्यांतली का बिल्डिंगवाल्यांतली?”

“बिल्डिंग...मधली.”

त्यांनी पुढे वाकून माझी ओढणी दोन बोटांत धरली. “पॉलिस्टर हाय. कापडावर लिवतेस आनि पॉलिस्टर घालतेस?”

मी मान खाली घालून डायरीतला पहिला प्रश्न वाचला.

“कागदात तोंड घालून बोलू नको,” बाई ओरडल्या. “माज्याकडं बघून बोल.”

मी मान वर करून तोच प्रश्न पुन्हा विचारला. सुरुवात झाली. पहिल्या शेडबद्दल, पहिल्या स्वतःच्या लूमबद्दल बाई तुटक का होईना बोलायला लागल्या. आणि मध्येच थांबल्या.

“फोन वाजतोय तुजा.”

“नाही मॅडम, बंद आहे.”

“वाजतोय. घे.”

फोन टेबलावर आमच्या दोघींच्या मध्येच होता, रेकॉर्डिंगचे सेकंद पळत होते. मी दाखवला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुढे बोलायला लागल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. “अगं, वाजतोय न तो!” मला वाटलं, ही त्यांची पद्धत असेल, समोरच्याला गडबडवून टाकायची. डिझायनरांना कात्री, मला हे. मी कसनुसं हसले आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिसऱ्यांदा त्या ओरडल्या नाहीत. एकदम हळू बोलल्या. “घे गं पोरी. कोनतरी कधीचं करतंय.” आणि खिडकीकडे, दाराकडे, मग पुन्हा फोनकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं... आनंद म्हणावा असं. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मुलाखत छान झाली. बाईंनी “उठ” म्हटलंच नाही. नंतर मीनाताईंनी खाली शेड दाखवली, मी तिथे तासभर रील शूट करत बसले. फोन तसाच, फ्लाइट मोडवर. सव्वादोनला रिक्षात बसल्यावर चालू केला. मनात एकच, सायलीला सांगायचं की तुझ्या सातव्या प्रश्नावर बाई चक्क हसल्या.

सायलीच्या आईचे मेसेज धडाधड येऊन पडले. सायलीला डेंग्यू. सकाळी ताप उतरला म्हणून बरं वाटलं, आणि मग एकाएकी चक्कर, उलट्या, हात-पाय थंड. अकरा वाजता भिवंडीत ॲडमिट केलं होतं. ते हॉस्पिटल बाईंच्या शेडपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. चालतसुद्धा गेले असते मी.

पोचले तोपर्यंत तिला आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटर लावला होता. काचेतून बघितलं. बोटात कॉलेजपासून घालायची ती निळी रबराची अंगठी तशीच होती, नर्सला काढता आली नव्हती वाटतं. बुधवारी संध्याकाळी ती गेली. आमचं बोलणं झालंच नाही.

तेराव्यानंतर मी पडघ्याला गेले. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, तिचा फोन माझ्यापुढे ठेवला. “तुला लावत होती गं सारखी. मी म्हटलं, कामात असेल प्राजू, नंतर लाव. तर म्हणे, नाही, आत्ताच बोलायचंय. तुझा लागतच नव्हता.”

मी कॉल लॉग बघितला. मला केलेले तीन कॉल. १२:०७, १२:१९, १२:४०.

वेळा बघून मला काहीतरी आठवलं. घरी येऊन मी रेकॉर्डिंग काढलं. ते सुरू झालं होतं ११:५८ ला, फाइलवर वेळ असते. इअरफोन लावून, कागदावर मिनिटं लिहून ऐकलं. बाई पहिल्यांदा “फोन वाजतोय” म्हणतात ते नवव्या मिनिटाला. दुसऱ्यांदा एकविसाव्या. तिसऱ्यांदा बेचाळिसाव्या. बेरीज तुम्हीच करा, मी पाच-सहा वेळा करून बघितलीय. रेकॉर्डिंगमध्ये रिंग कुठेही नाही. खालच्या लूमचा आवाज आहे, पंख्याचा आहे, रिंग नाही. आणि असणार कशी? फ्लाइट मोडवरच्या फोनला लावलं तर लावणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ एवढंच ऐकू येतं. रिंग जातच नाही. म्हणजे तो आवाज माझ्याकडे नव्हता, सायलीकडेही नव्हता.

तिसऱ्या वेळी बाई “घे गं पोरी” म्हणाल्यावर मी काय बोलले होते, ते मी साफ विसरले होते. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. माझाच आवाज, लाडीगोडीचा — “जाऊ दे मॅडम, काही महत्त्वाचं नसेल.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या ऑफिसला गेले. अपॉइंटमेंट वगैरे काही नाही. मीनाताई बाहेरच भेटल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वेळांचा कागद दाखवला. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे शक्य नाही. बाईंना ऐकू येत नाही.”

“कमी येतं?”

“काहीच येत नाही. चाळीस वर्षं लूमच्या आवाजात काढली, दोन्ही कान गेले. आठ-नऊ वर्षं झाली. कानाची मशीनपण लावून बघितली, उपयोग नाही. ओठ बघून समजतात सगळं. धंद्यात कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून आम्ही बोलत नाही. म्हणून तर माणसाला उजेडात बसवतो.”

म्हणजे ते तोंडाकडे रोखून बघणं, तो मोठा आवाज, मागून केलेल्या नमस्काराला उत्तर न देणं... सगळी भिवंडी ज्याला माज म्हणते, तो माज नव्हताच.

मीनाताईंना अजून काहीतरी बोलायचं होतं. चाचरतच म्हणाल्या, “त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तुमच्या मैत्रिणीचा फोन आला होता मला. आत उजेड पुरेसा आहे का, विचारत होती... तुम्हाला फोटो काढायला सोपं जावं म्हणून. नंबर तिने आधीच कुठूनतरी मिळवलेला. मी बोलून गेले, तुम्ही दोघी येताय ना, मी तर दोघींना बोलावलंय.”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. ‘बरं ताई’ म्हणाली. ठेवला.”

म्हणजे सायलीला कळलं होतं. मला तीन फोन केले तेव्हा तिला माझं खोटं माहीत होतं.

आत गेले. बाईंना मीनाताईंनी हळूहळू, ओठ हलवत सांगितलं. बाईंनी मला जवळ बसवून घेतलं. त्या दिवसाची जरब कुठेच नव्हती.

“मला वाटलं, कान परत आलं माजं,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांनी पहिल्यांदा कायतरी ऐकू आलं. तू खाली गेलीस तशी मी रेडिओ लावला. काय न्हाय. संध्याकाळी लूमला कान टेकवून उभी ऱ्हायले, मीनाला इचार. काय न्हाय. तेवढा तुजा फोनच.” मग म्हणाल्या, “सारा जल्म मी लोकांवर वरडत आले. त्या दिवशी तुज्या हातात फोन कोंबून वरडायला पायजे होतं, तर मी गप बसले. मलाच माज्या कानाचा इस्वास नव्हता.”

मी रडत होते, त्यामुळे माझे शब्द त्यांना कळत नव्हते. मीनाताईंनी पाणी दिलं. मग मी बाईंकडे बघून सावकाश विचारलं. प्रश्न वेडेपणाचा होता, पण मला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

“बाई, तो फोन... रागाने केलेला वाटत होता का?”

मला वाटलं, आता म्हणतील, फोनला कसला आलाय राग.

“तिसऱ्या खेपेला लय लांब वाजला,” त्या म्हणाल्या. “रागावलेलं मानूस इतका टाइम धरून बसत न्हाय.”

या गोष्टीला आता आठ महिने झाले. माझा मावसभाऊ डॉक्टर आहे, तो म्हणतो, बहिऱ्या माणसांना कधीकधी कानात आवाजाचे भास होतात. होत असतील. तीनच वेळा, त्याच मिनिटांना का, यावर तो खांदे उडवतो. मुलाखत मी कुठेही टाकली नाही, टाकणारही नाही. तिसऱ्या खेपेबद्दल बाई जे बोलल्या ते खरं ऐकलेलं होतं, की समोर रडणाऱ्या पोरीला दिलेला धीर होता, हे मला कळत नाही. विचारायला पुन्हा जायचं धाडस होत नाही.