देवाच्या नावानं सोडलेला कोंबडा

"अगं, धर की त्याला! तुरा फाटला तर माझ्या लेकाचं डोळं जातील," असं आत्ती न्हाणीच्या पत्र्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. एरवी गुडघ्यांमुळं दोन पायऱ्या चढायच्या तरी त्यांना माझा खांदा लागायचा. त्या पत्र्यावर कशा पोहोचल्या हे आजवर कुणाला कळलेलं नाही, त्यांनाही नाही.

खाली परसात मी, कोपरापर्यंत साबण, हातात ह्यांची ओली पँट. पँट गोफणीसारखी फिरवत मी दोन कुत्र्यांच्या मागं, कुत्री कोंबड्याच्या मागं, आणि कोंबडा शेवग्याच्या झाडाभोवती गरागरा. एवढ्या फेऱ्या झाल्या की पुढं कितीतरी वर्षं त्या झाडाखाली गवत उगवलं नाही. शेवटी कोंबड्यानं पंख झाडले आणि तो भिंतीवरून पलीकडं शेजाऱ्यांच्या अंगणात पडला. तिथं चटईवर ज्वारी वाळत घातली होती. तो लगेच दाणे टिपायला लागला. कुत्री त्याच अंगणातली, आणि ती राहिली आमच्या परसात. क्षणभर त्यांनाही कळेना की आपण कुठल्या घरची.

कोंबड्याच्या तुऱ्याचा आणि माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचा संबंध काय, ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकाचा शेवट चालला होता. आमचे हे कोल्हापुरातच एका फौंड्रीत कामाला. एक दिवस वितळलेल्या लोखंडाची ठिणगी उडाली आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, पट्टी सोडल्यावर बघू. आत्तींना 'बघू' हा शब्द पसंत पडला नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी शिवेवरच्या म्हसोबाला सांगितलं, लेकाला दिसू दे, येत्या आषाढात तांबडा कोंबडा देतो. पट्टी सुटली आणि ह्यांना दिसायला लागलं. पहिल्यांदा माझं तोंड दिसलं आणि हे म्हणाले, "तू वाळलीस की गं." डॉक्टरांनी हात जोडले, पण आत्तींच्या मते डॉक्टरांचा वाटा पट्टी सोडण्यापुरता होता.

मग मलकापूरहून, माझ्या माहेराहून, निखळ तांबडं पिल्लू आलं. एसटीत माझ्या मांडीवर पिशवीत बसून आलं आणि वाटभर कंडक्टरशी भांडत आलं. आत्तींनी त्याला हळद-कुंकू लावून देवाच्या नावानं सोडलं, आणि आमच्या घराची झोप उडाली. कारण अशा कोंबड्याचे कायदे कोर्टापेक्षा कडक. अंगावर ओरखडा नको. तुरा फाटलेला नको. शेपटीतलं एक पीस कमी नको. एकदा सोडला की बदली चालत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, सोडलेला तो सोडलेलाच. रात्री डालग्याखाली झाकला तर चालेल, पण दिवसा कोंडायचा नाही, बांधायचा नाही.

भिंतीपलीकडं आप्पा. गुळाचे व्यापारी, सीमेकडचे, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. घरात कांदा-लसूण चालायचा, पण अंडं उंबऱ्याच्या आत गेलं नव्हतं. आवाज असा मऊ की गूळ विकायची त्यांना गरजच नसावी, नुसतं बोलले असते तरी चालला असता धंदा. आणि अशा माणसाची ही दोन कुत्री. एक तपकिरी, एक पांढऱ्या ठिपक्यांचं. दोन्ही एवढी लांब की हातकणंगल्याच्या स्टेशनात उभी केली असती तर लोक जागा धरायला चढले असते. तपकिरीनं जांभई दिली की आमचं दोरीवरचं धुणं वाळायचं. आप्पांचं फाटक दिवसभर सताड उघडं, आणि कुत्री गल्लीभर मोकाट.

त्या दिवशी आत्ती पत्र्यावरूनच आप्पांशी बोलल्या.

"आप्पा, तुमची कुत्री बांधा. आमचा कोंबडा खाल्ला असता आत्ता."

आप्पा ज्वारीतून कोंबड्याला हाकलायच्या ऐवजी त्याच्यापुढं मूठभर दाणे टाकत होते. म्हणाले, "खायची न्हाईत ओ. शाकाहारी हायत."

"कुत्री?"

"दूध-भाकरीवर वाढल्यात. मांस कसं दिसतंय ते त्यांना ठावं न्हाई. ती खेळत्यात."

"त्यांचा खेळ हुतोय, आमचा कोंबडा जातोय."

"देखणा हाय कोंबडा," आप्पा म्हणाले. "कशासाठी पाळलासा?"

आत्तींनी सांगितलं. आप्पांनी हातातली ज्वारी हळूच खाली सोडली आणि एवढंच म्हणाले, "म्हंजे कापायसाठीच जपताय." मग कुत्र्यांना कानडीत हाक मारली. आमच्याशी ते मराठी बोलत, कुत्र्यांशी फक्त कानडी. दोन्ही कुत्री माना खाली घालून गेली.

संध्याकाळी हे कामावरून आले. आत्तींनी चप्पलसुद्धा काढू दिली नाही. दिनदर्शिकेसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "वाच."

"काय वाचू?"

"बारीक अक्षर वाच."

ह्यांनी आधी तिथी वाचली, मग राहुकाळ, मग खालची पापडाची जाहिरात. आत्तींनी श्वास सोडला. मी भाकरी थापत होते. मी असलं काही मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. पण हे वाचताना मध्ये जरा अडखळले, तेव्हा माझा हात परातीतच थांबला, आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्या दिवसापासून रोजचंच झालं. कुत्री आली की पळापळ, आणि पळापळ झाली की वाचन. ह्यांनी त्या वर्षी जेवढं वाचलं तेवढं शाळेत वाचलं असतं तर ते कलेक्टर झाले असते. कुठं काही वाजलं की आम्ही परसात. गॅसच्या गाडीवाल्यानं सिलिंडर बडवला, परसात. समोरच्यांच्या टीव्हीत कुत्रं भुंकलं, परसात. आत्ती जेवताना पाट दाराकडं तोंड करून मांडायच्या. मी कांदा चिरताना अर्धा डोळा कांद्यावर आणि दीड डोळा खिडकीवर, त्यामुळं त्या दिवसांतली आमची भाजी कुणाला दाखवण्यासारखी नव्हती.

आम्ही उपायही केले. भिंतीवर बाभळीच्या काट्या रचल्या, त्या कुत्र्यांनी पाठ खाजवायला वापरल्या. दोरीला डबे बांधले. त्यांचा आवाज झाला की कोंबडा दचकून थेट कुत्र्यांच्या दिशेला पळायचा. मिरचीची पूड टाकली, तर वारा फिरला आणि आत्ती, मी आणि पोस्टमन असे तिघं अंगणात रडत बसलो. लोकांना वाटलं तार आली.

मग एक दिवस आत्ती म्हणाल्या, "ती उपाशी हायत."

"आत्ती, ती आपल्या दोघींपेक्षा जाड हायत."

"दूध-भाकरी म्हंजे काय जेवण हाय व्हय? जिभंला चव न्हाई म्हणून कोंबड्याच्या मागं लागत्यात. त्यास्नी जेवायला घाल."

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला सुचलं असतं का, मला माहीत नाही. दारात शत्रू आला तर लोक काठी घेतात. आमच्या आत्तींनी पळी घेतली. रविवारचा तांबडा रस्सा भाकरीवर ओतला, वर दोन हाडं ठेवली आणि पातेलं परसात डालग्याजवळ मांडलं. तपकिरीनं हुंगलं, एक घोट घेतला, आणि शिंकलं. डोळ्यांतून पाणी आलं. मग पातेल्यात जे तोंड घातलं ते कल्हई निघेपर्यंत काढलं नाही. ठिपक्यानं तर त्या दिवसापासून आत्तींना बघितलं की पुढचे दोन्ही पाय लांब करून डोकं जमिनीला टेकवायला सुरुवात केली. मी सूनबाई असून एवढं वाकले नव्हते.

आठवड्यात रस्सा नसेल तेव्हा सुकटाचं कालवण. कुत्र्यांनी पळणं सोडलं. कोंबडा हिंमत करून त्यांच्या पातेल्यातला भाकरीचा तुकडा उचलायला लागला, आणि ती त्याला उचलू द्यायची. गल्लीतलं दुसरं कुत्रं परसात डोकावलं तर ही दोघं त्याला थेट रंकाळ्यापर्यंत पोहोचवून यायची. दुपारी तिघं शेवग्याखाली झोपायची, कोंबडा मधोमध. आम्हालाही बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

एकदा आप्पा भिंतीपाशी आले.

"काय ओ, माझ्या कुत्र्यांना काय खायला घालतासा?"

"भाकरी," आत्ती म्हणाल्या.

"नुसती?"

"जरा ओली करून."

"कशात?"

"पाण्यात की."

आप्पांनी पातेल्यात वाकून बघितलं. "पाणी तांबडं दिसतंय."

"नळाला असंच येतंय आजकाल. तुमच्याकडं न्हाई येत?"

आप्पांनी खिशातनं ज्वारी काढली, कोंबड्यापुढं टाकली आणि गेले. खिशात ज्वारी घेऊन फिरणारा गुळाचा व्यापारी मी तोवर बघितला नव्हता, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

आषाढ लागला. ठरलेला मंगळवार उजाडला. ह्यांनी रजा काढली. नारळ, लिंबू, विडा सगळं ताटात. दारात रिक्षा. आत्ती नव्या लुगड्यात डालगं उचलायला परसात गेल्या आणि तशाच मागं आल्या.

"उठत न्हाईत," म्हणाल्या.

डालग्याच्या एका अंगाला तपकिरी, दुसऱ्या अंगाला ठिपकं. हात जवळ गेला की घाट चढताना एसटी काढते तसा आवाज घशातून काढायची. रोज आत्तींपुढं लोळण घेणारी कुत्री ही. त्यांनी कोंबडा राखायचा म्हणजे कोंबडा राखायचा, एवढंच त्यांना ठाऊक. कुणापासून, ते आम्ही त्यांना शिकवलं नव्हतं.

"रस्सा दाखव त्यास्नी," आत्ती म्हणाल्या.

"कुठला रस्सा? रस्सा कोंबड्याचाच व्हायचा हाय की अजून," मी म्हणाले.

मग आत्ती स्वतः आप्पांच्या दारात गेल्या. आवाज एकदम खाली. "आप्पा, लेकाच्या डोळ्याचा नवस हाय. तुमाला पटत न्हाई, ठावं हाय मला. पर तेवढी कुत्री हाकला."

आप्पा पूजेवरून उठून ओल्या धोतरानं आमच्या परसात आले. आधी डालग्याकडं बघितलं. मग ह्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. मग कुत्र्यांना कानडीत काहीतरी मऊ आवाजात म्हणाले. कुत्र्यांनी कान टवकारले, त्यांच्याकडं बघितलं, आणि पुढच्या पायांवर हनुवट्या टेकून पुन्हा बसली.

"न्हाई उठत बगा," आप्पा आमच्याकडं वळून म्हणाले. "तुमच्या घरचं खात्यात आता." आणि गेले.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. हे म्हणाले, बस झालं. एका हातानं त्यांनी डालगं उलटलं, दुसऱ्या हातानं कोंबडा धरला. त्याच क्षणी तपकिरीनं ह्यांची पँट धरली, तीच पँट, मी फिरवलेली. हे मागं ओढले गेले, कोंबडा पुढं गेला. पुढं म्हणजे थेट न्हाणीच्या पत्र्यावर. आणि ह्यांच्या मुठीत राहिली शेपूट. सगळीच्या सगळी, हिरवीकाळी पिसं झुबक्यानं.

आम्ही तिघंही वर बघायला लागलो. पत्र्यावर कोंबडा, मागून बघितला तर बटाट्यासारखा. असला देवाला चालत नाही, आणि दुसरा चालत नाही. आत्ती तिथंच चिखलात बसल्या, नव्या लुगड्यासकट. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. ओरडत नव्हत्या हेच वाईट होतं.

मग ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "वाच."

हे दिनदर्शिकेसमोर गेले. तिथी वाचली, राहुकाळ वाचला, जाहिरात वाचली. मग अगदी खाली, मुंगीपेक्षा बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला, पिनकोडासकट, एकदाही न अडखळता. मी नारळाचं ताट तसंच हातात धरून उभी होते. आत्तींनी उठून लुगड्याचा चिखल झटकला. ती पिसं गोळा केली, कागदात बांधली, नारळ घेतला आणि एकट्याच रिक्षात बसून गेल्या.

दुपारी परत आल्या तेव्हा आवाज जागेवर आला होता. "सांगितलं म्हसोबाला. शेपूट आत्ता ठेवून घे. बाकीचा कोंबडा तुझाच, पर सांभाळायला आमच्याकडं ठेवलाय. रोज दाणा आमी घालतो."

"काय म्हणाला?" ह्यांनी विचारलं.

"काय म्हणतोय? न्हाई म्हणाला असता तर तुला घराचं दार दिसलं असतं का आत्ता?"

संध्याकाळी परसात पाऊस थांबला होता. बटाटा दोन्ही कुत्र्यांच्या मधे पहुडला होता. भिंतीपलीकडं आप्पा आले, त्याच्यापुढं ज्वारी टाकली आणि कानडीत अर्धा शब्द बोलले. अर्धाच. तपकिरी आणि ठिपकं ताडकन उठली, फाटकातून बाहेर पडली आणि मुकाट आपल्या घरी गेली.

आत्ती भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "आप्पा, आता बरी ऐकली."

"सकाळीबी ऐकली की," आप्पा म्हणाले. "जागचं हलू नका म्हणलो होतो."