पसंती पिल्लांच्या आईची

दुबईशेजारच्या अजमानमधल्या एका गृहस्थांकडे मी, बायको आणि लेक असे आम्ही गोल्डन रिट्रीवरचं पिल्लू बघायला गेलो, पण बघितलं गेलं ते आम्हालाच. दोन वर्षांतून एकदाच ते कुत्रीला पिल्लं होऊ देत. मिशीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "दिवसभर घरी कोण असतं?"

"एसी चालू असतो," मी म्हणालो.

लेकीने मांडीवरचं पिल्लू आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात पिल्लांची आई उठून दाराबाहेर गेली आणि माझी चप्पल तोंडात धरून आणून तिने माझ्या पायाशी ठेवली.

"शिकारी जात आहे, टिपलेलं पाखरूही अलगद आणते," ते म्हणाले. "आमच्याकडे पसंती हिची. खलास, साहेब. वहिनी, तुम्ही चहा घेऊन जा."

चपलेवर दाताची खूणसुद्धा नव्हती. इतक्या अलगद मला आजवर कुणी घराबाहेर काढलं नव्हतं.