शेवटच्या पदाची चाल

माझ्या गाडीतली पुढची सीट वर्षानुवर्षं एका हार्मोनियमने बळकावली होती, ही तक्रार मी आज जाहीरपणे नोंदवतो.

पेटीला सीटबेल्ट. पेटीचा मालक मुकुंदा मागे, पाय पसरून. मी सारथी.

खड्डा आला की मागून सूचना यायची, हळू घे, तिला हादरे बसतात. माझ्या मणक्याची चौकशी कधीच नाही.

आज मुकुंदाला जाऊन वर्ष झालं.

दिवसा तो हिंजवडीत परदेशी बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये आम्ही जुन्या ऐतिहासिक कादंबरीचं संगीत नाटक बसवायचो.

दख्खनच्या दरबारातला हबशी सरदार. त्याला सगळे मुजरा करतात. त्याच्या काळ्या मुलीला सून करून घ्यायला मात्र कुणी तयार नाही.

पदं माझी, चाली मुकुंदाच्या.

माझं पहिलं पद त्याने दोनदा वाचलं.

"शास्त्रीबुवा, पोरगी रडतेय. तिला एवढे समास झेपतील का?"

समास गेले.

नायिका म्हणून आमच्या नाट्यसंस्थेच्या कमिटीने एक गोरीपान मुलगी निवडली. वर काळा रंग लावू म्हणाले. मुकुंदाच्या ऑफिसच्या टीममधली चंद्रपूरची ज्योत्स्ना फार छान गायची, पण सावळी. स्टेजवर उठून दिसणार नाही म्हणून तिला दासीचं काम.

मुकुंदाने पेटीचा भाता बंद केला.

"कादंबरी वाचलीय का कुणी?"

ज्योत्स्ना नायिका झाली. कमिटीचा उत्साह मावळला. प्रयोग झालाच नाही.

तालमी मात्र चालू राहिल्या.

हॉलचे दिवे अर्धेच लागायचे. गलबताची वाट बघणाऱ्या त्या मुलीचं शेवटचं पद सुरू झालं की बाहेरचे हॉर्न पाण्याखाली गेल्यासारखे व्हायचे.

पुण्यात समुद्र नाही. तरी भिंतीपलीकडे गलबत लागलंय, असं वाटायचं.

ज्योत्स्ना गायची, मुकुंदा डोळे मिटून सूर धरायचा.

रेकॉर्डिंगला मुकुंदाची बंदी. आधी गळ्यात बसू दे, म्हणायचा. दिवसभर जगाच्या डेटाचा बॅकअप घेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या एकाही चालीचा बॅकअप ठेवला नाही.

परवा ज्योत्स्नाने व्हिडिओ कॉलवर ते पद म्हटलं. अंतरा असा नव्हता, असं सांगून मी मला आठवतो तसा म्हणून दाखवला.

ती म्हणाली,

"सर, असा पण नव्हता."

मुकुंदा, नमस्कार घे.

श्रद्धांजलीचं मला जमतं. काळजी निराळीच आहे. तुझी चाल आम्हा दोघांनाही रोज थोडी वेगळी आठवते, आणि खरी कोणती, ते विचारायला तू नाहीस.