खंडेनवमीचे पाने

आमच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नसे. सासऱ्यांनी चाक हाताने हलवून बघितलं आणि सांगितलं, टायरॉडची दोन्ही टोकं गेली. स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारी ती दांडी; तिच्या टोकाचा बॉल झिजला की गाडी रस्त्यावर डुलते. सासरे जवाहरनगरच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या निदानावर मी शंका घेत नाही.

मला दसऱ्याच्या दिवशी आसगावला जाऊन आईला आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. याआधी दोनदा तिने तारीख मोडली होती, एकदा धानाच्या रोवण्यासाठी, एकदा गाय व्यायची म्हणून. गुडघ्यामुळे एसटीत चढता येत नाही आणि परक्याच्या गाडीत ती बसत नाही. तिसऱ्यांदा निमित्त मिळालं असतं तर ती पुन्हा तयार झाली नसती, आणि डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवू नका.

सुटे भाग नागपूरहून अष्टमीच्या संध्याकाळी आले. नवरा ड्यूटीवर बाहेरगावी. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी सासऱ्यांनी आणि मी काम काढलं. बारापर्यंत उरकेल असा माझा हिशेब होता. तोच चुकला.

डावी बाजू तासाभरात झाली. तिकडचं टोक दांडीवरून अठरा फेऱ्यांत निघालं, उजवीकडचंही तेवढ्यातच निघणार. नवीनही अठराच फेऱ्या बसवायचं, नाहीतर चाक तिरपं होतं. पण बॉलचा बोल्ट गंजून बसलेला. हातोडा मारून मनगट दुखलं. तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली. पाने-हातोडा द्या, पूजेची वेळ झाली.

मी म्हटलं, "मामाजी, अर्धा तास."

"नवमीले मांडलेला पाना दसऱ्याचं सोनं वाटल्याबिगर उचलत नसतेत," ते म्हणाले. "चाळीस वर्सं तसंच केलं."

बोल्टवर तेल ओतून ते उठले. पाने, हातोडा, पक्कड धुऊन पाटावर मांडले. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. बाहेर गाडी विटांवर, एक चाक नसलेली. गावातली गॅरेजंही त्याच कारणाने बंद.

मी अंगण झाडलं. झाडलेलं पुन्हा झाडलं. चहा केला आणि ओट्यावर विसरले. डोक्यात अठरा, अठरा. शेवटी आईला फोन केला, गाडी उघडली आहे, पण मी येते.

"उघडली असन त राहू दे ना बाई," ती म्हणाली. "मले दिसते अजून. तुह्या सासऱ्याले कायले तरास."

आवाजात एवढी सुटका होती की मला रागच आला.

चार वाजता देवघरात गेले. समई तेवत होती. फुलांखालून एकोणीसचा पाना आणि हातोडा काढला. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या.

"मामीजी, मी हे नेऊन राहिली."

"त्याह्यले विचारलं?"

"नाही."

पाटावरची रिकामी जागा त्यांनी दोन फुलं सरकवून भरली.

दुपारभर तेल मुरलं होतं. तिसऱ्या घावाला बोल्ट खाली पडला. जुनं टोक अठरा फेऱ्यांत निघालं, नवीन अठरा फेऱ्या बसवलं. टोक जागेवर धरणारा लॉकनट आवळायला लागले तर पान्याबरोबर दांडीच फिरायला लागली. गाडीखालून मला सासऱ्यांच्या चपला दिसल्या. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"एका पान्यानं लॉकनट बसत नसते," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. हातात दुसरा पाना, कुंकू लागलेलाच. "मी दांडी धरतो. आवळ तू."

चाक लावल्यावर त्यांनी दोन्ही पाने आणि हातोडा पुसून परत पाटावर नेऊन ठेवले. संध्याकाळी चक्कर मारून बघितली. स्टिअरिंग सरळ ठेवलं की गाडी सरळ जात होती.

दसऱ्याला सकाळी नऊला आसगावला पोचले. आई दारात बसली होती. पिशवी दिसत नव्हती. गाडीच्या आवाजाकडे तिने चेहरा वळवला, माझ्याकडे नाही. मी जवळ जाईपर्यंत तिला कळलं नाही कोण आलं ते.

"आलीच का तू," ती म्हणाली.

मी आत जाऊन तिची दोन लुगडी पिशवीत भरली. कुलूप तिने स्वतः लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि गाडीचं दार हाताने चाचपत आत बसली.