इंदूबाईची राखण

वावरातल्या माळ्यावर चढल्यावर इंदूबाई लगेच ओरडत नसे. आधी पदर डोक्यावरून घट्ट घ्यायची, गोफण मांडीवर ठेवायची आणि गप्प बसून राहायची. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीखालून तितर बोलला की मगच तिची दिवसाची पहिली हाक उठे. रोज हे असंच. थंडीने दात वाजत असले तरी, भोरड्यांचा थवा समोरच्या कणसांवर उतरायला टेकला असला तरी. कुणी हसलं तर म्हणायची, "वावर त्याचं हाये बाप्पा. तो रातभर इथंच असते, आपण आता आलो. त्याच्या आंधी कसं बोलाचं?"

बाभुळगावच्या अलीकडे, बेंबळा नदीच्या काठाला पंजाबराव पाटलांचं ज्वारीचं वावर होतं. चार लाकडी बल्ल्यांवर बांधलेला उंच माळा त्याच्या मधोमध. छप्पन साली दसऱ्याला इंदूबाई नवऱ्यासोबत, श्रावणसोबत, नागपूरला जाऊन धर्म बदलून आली. गावकीची जुनी कामं तिच्या घराने सोडली. त्याच हिवाळ्यात ती पाखरं हाकलायला या माळ्यावर बसली. राखणीबद्दल ज्वारी मिळे आणि घर त्यावर तगे, हे खरंच. पण हे काम तिच्या वाट्याला जातीने आलेलं नव्हतं. तिने ते आपल्या गळ्यावर मिळवलं होतं, आणि ते जाऊ द्यायचं नाही एवढं तिने मनाशी ठरवलं होतं.

गळाही तसाच. तिची "हाऽऽ होऽऽ" निघाली की नदीपलीकडचे बैल कान टवकारत. पलीकडच्या बाया चुलीपुढून उठत. "इंदू वरडली वं, चला, भाकरी बांधा!"

मग एका हिवाळ्यात पाटलांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. शेजारच्या तुकड्यात गहू पेरला होता, त्याला पाणी हवं होतं. इंजिन चालवायला बाभुळगावचे युनूस मिस्त्री आले. आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांपाशी गेलेलं, त्यामुळे कानांनी पार अधू. नारळ फुटला, मिस्त्रींनी चाक फिरवलं, आणि धडधड सुरू झाली तशी जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. कडुनिंबातले पोपट, चिंचेवरचे बगळे, ज्वारीतल्या भोरड्या, सगळं एकदम उडालं.

पाटील खूश. "पाहा! पाणीबी देते अन् राखणबी करते! इंदूबाई, तू घरी बस आता. हे इंजिन तर फुकटात वरडते."

ती गोफण घेऊन माळ्यावरून उतरली. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली.

पण पाखरं माणसांसारखीच. पहिल्यांदा भ्याली, मग लांबून पाहू लागली, मग सवयीला पडली. आठवडा-पंधरवड्यात भोरड्या परतल्या त्या दुप्पट होऊन. पाटलांनी श्रावणला वाटेत अडवलं. "तुह्या बायकोले धाड रे. सारं खाऊन राह्यले ना!"

इंदूबाई माळ्यावर चढली, पदर घेतला आणि वाट पाहत बसली. तितर बोलेना. खाली नुसती धडधड. ऊन चढलं तरी बोलेना. शेवटी ती उतरून धुऱ्यावर गेली. बोरीखाली ठिपक्याठिपक्यांची पिसं पांगली होती आणि ओल्या मातीत रानमांजराच्या पायांचे ठसे होते. इतकी वर्षं त्या बोरीत रानमांजर आलं नव्हतं असं थोडंच? येत असणारच. पण तितराला पाचोळा वाजलेला कळायचा. ज्याचं सगळं जगणं कानांवर, त्याच्या कानांत दिवसभर इंजिन भरलेलं. मांजर अगदी जवळ येईतो त्याला काही ऐकू आलं नसेल. इंदूबाईने एक पीस उचललं, पाहिलं, परत तिथंच ठेवलं.

त्या दिवशी ती तितराशिवायच ओरडली. हाक माळ्याखालीच पडली. कणसांवरच्या भोरड्यांनी मान वर केली नाही. तिने गोफण चालवली. एक घोळका उठला, हातभर पुढे जाऊन बसला. ती आणखी जोराने ओरडली. दुसऱ्या दिवशी त्याहून जोराने. चार दिवसांत गळा असा चिरकला की घरी श्रावणला मीठ मागायचं तरी खूण करावी लागे.

ती विहिरीवर गेली आणि इंजिनाकडे बोट दाखवून हात आडवा हलवला. बंद करा.

"नाई जमत बाई!" युनूस मिस्त्री ओरडून बोलले. त्यांना हळू बोलणं राहिलंच नव्हतं. "पाटील माहे कान कापन! अन् कान तर आधीच जिनिंगनं खाल्ले. कापाले काई उरलं नाई!"

तिने त्यांच्यासमोर तोंड नेलं, उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, "मंग भेता कायले?"

मिस्त्री तिचे ओठ वाचून पोट धरून हसले. "माही घरवाली अमिनाबी, तेबी अशीच! आमी घरी हातानंच बोलतो, भांडतोबी हातानंच. शेजाऱ्याईची मजाच गेली!" पण इंजिन काही त्यांनी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः धुऱ्यावर येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून ओरडले. "इंदूबाई, असं फुसफुसून कोणतं पाखरू उडते? उद्यापासून मारोती गड्याले बसवतो. तो पत्र्याचे डबे बडवते." ती माळ्यावरून वावराकडेच पाहत राहिली. समोर वावर दिसत नव्हतं, नुसत्या भोरड्या दिसत होत्या. कणसं त्यांच्या भाराने वाकली होती. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

आणि नेमका तेव्हा इंजिनाचा पट्टा तुटला.

धडधड थांबली. इंदूबाईला वाटलं, आपले कान गेले. मग हळूहळू त्या शांततेच्या तळाशी एक कुरकुर ऐकू आली. हजारो चोची दाणे फोडत होत्या. इतके दिवस हा आवाज इथंच, तिच्या पायांखाली चालू होता. मग तोही थांबला. वावरभर माना वर झाल्या. कुणी हललं नाही. नागपूरला धर्म बदलताना त्या मैदानात लाखो माणसं एकाच क्षणी गप्प झाली होती, तेव्हा तिच्या अंगावर असाच काटा आला होता.

मग वावर उठलं.

तिला असंच दिसलं. जमीनच उठली. काळे पंख, गुलाबी अंगं उन्हात एकदम उलटली. पंखांचा वारा माळ्यापर्यंत आला आणि तिचा पदर डोक्यावरून मागे उडाला. थवा नदीवर गेला, एक दुमड घेतली, पुन्हा पसरला. इंदूबाई उभी राहिली आणि दोन्ही हात तिच्या नकळत जोडले गेले.

"कोण वरडलं?" पाटील म्हणाले. त्यांचाही आवाज हळू झाला होता.

"पाटील!" विहिरीवरून युनूस मिस्त्री आपणहून ओरडले. "पट्टा तुटला!"

पट्टा सांधून इंजिन परत सुरू झालं. भोरड्या घिरट्या घालून उतरल्या, खाऊ लागल्या. इंदूबाईने माळ्यावरून पदर हलवला. मिस्त्रींनी एकदा पाटलांकडे पाहिलं आणि इंजिन थांबवलं. वावर पुन्हा उठलं.

ती उतरली, पाटलांजवळ येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आवाज चालू हाये तवर त्याईले काईच ऐकू येत नाई, अन् भेवबी वाटत नाई. बंद पडला का मंग आठवते, कोणी येऊन राह्यलं असन."

"अन् माह्या गव्हाचं पाणी?"

"गहू तुमचा, ज्वारीबी तुमचीच. एकाले पाणी, एकाले बंद इंजिन, वाटून द्या ना थोडं थोडं."

पाटील कुरकुरले, पण मारोती माळ्यावर चढला नाही. तेव्हापासून इंदूबाई ओरडेनाशी झाली. ती पदर हलवी, मिस्त्री इंजिन थांबवत. वेळ ठरलेली नसे, कारण भोरड्या तीही शिकल्या असत्या. तिचा गळा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. नदीपलीकडच्या बायांना भाकरीची वेळ दुसरीकडून शोधावी लागली. युनूस मिस्त्री मात्र इंजिन थांबवलं की तोंड आभाळाकडे करून बसत. "मले ऐकू येत नाई बाई," ते म्हणत, "पण अंगावर येते."

असे सहा-सात हिवाळे गेले. शेवटच्या हिवाळ्यात तिला ताप होता तरी ती येत होती. एका संध्याकाळी भोरड्या नदीकडे गेल्यावर ती सावकाश खाली उतरली. दुसऱ्या दिवशी ती झोपेतून उठलीच नाही. आदल्या संध्याकाळी, ती माळ्यावरून उतरली तेव्हा, पाटील गव्हाला पाण्याचे बारे देत उभे होते. जाता जाता ती त्यांना म्हणाली, "पाटील, माळ्याची एक बल्ली हालून राह्यली. उद्या नवी लावा."