उन्हातलं ताट

माझ्या आईने आणि माझ्या मुलीने मिळून मला पाच महिने फसवलं. दोघींना मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

साकीनाक्याला जुन्या मशिनी घ्यायच्या आणि विकायच्या, या धंद्यात मी शून्यातून उभा राहिलो. वरून रंग मारलेली मशीन मला लांबून कळते. वडील गेल्यावर आई विक्रोळीच्या चाळीतल्या खोलीत एकटी राहू लागली, तेव्हा तिच्याशीही मी सौदाच केला. मी म्हणालो, मुलुंडला माझ्याकडे चल. ती नाही म्हणाली. मग दिवसातून तीन फोन? एकही नको, सारखं कोण उठणार? शेवटी ठरलं, दुपारी एक वाजता जेवणाच्या ताटाचा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. खाडा झाला तर सामान बांधायचं. फोटो पाठवायला माझ्या मुलीने आजीला शिकवलं. सौदा झकास झाला, असं मला वाटलं.

फोटो रोज यायचा. भात, वालाची उसळ, कधी बांगडा. मी अंगठा पाठवायचो, बोरिवलीचा भाऊही अंगठा. घाटकोपरची बहीण हात जोडायची.

एका मंगळवारी मला ताटावर ऊन दिसलं. त्या खोलीत ऊन सकाळी नऊपर्यंतच येतं, मी तिथेच वाढलोय. मागचे फोटो काढून बघितले. सगळ्यांवर तेच तिरपं ऊन. तशीच रिक्षा पकडली आणि विक्रोळीला गेलो.

आई चहात खारी बुडवून खात होती. शेगडी पुसून कोरडी.

"हे काय?"

"जेवण."

"आणि फोटोतला बांगडा?"

"तो रविवारचो. तुझ्या चेडवान काढल्यान."

मुलगी दर शनिवारी रात्री आजीकडे राहायला जायची. रविवारी दोघी पहाटेपासून रांधायच्या, वेगवेगळी ताटं वाढून आठवड्याभराचे फोटो एकदम काढायच्या आणि उरलेलं शेजाऱ्यांना द्यायच्या. मग आई रोज एक फोटो पाठवायची.

मी इतका ओरडलो, की गॅलरीतली दारं उघडली.

"ओरडा नको," आई म्हणाली. "एकट्यासाठी काय रांधूचा? तू येतंस जेवूक?"

"रोज फोटो बघतो मी!"

"ताट बघतंस, मेल्या. माका बघलंस कधी?"

तेव्हा बघितलं. ब्लाउज इतका सैल झाला होता, की बाहीला पिन लावली होती.

संध्याकाळी मुलीला समोर बसवलं. "माझ्यापासून लपवलंस?"

"तुम्ही तिला उचलून आणलं असतं, पप्पा. तिला ती खोली सोडायची नाहीये. माझ्यासोबत रविवारी तरी ती पोटभर जेवते."

"बाप आहे मी तुझा, गिऱ्हाईक नाही!"

"मग भाव करू नका ना."

मी उठून जेवायला बसलो. राग मात्र गेला नाही. तो कुठे काढायचा ते जेवताना कळलं. आई वाळत होती, आणि तिची तीन मुलं रोज एक वाजता तिचं ताट बघत होती.

मी ग्रुपवर लिहिलं, रविवारी सगळ्यांनी विक्रोळीला यायचं.

भावाने विचारलं, "काही इमर्जन्सी आहे का?" मी उत्तर टाकलं:

आहे. आईसोबत बसून शेवटचं कधी जेवलो, हे प्रत्येकाने सांगायचं आहे. मी दिवाळीत जेवलो, आता शिमगाही होऊन गेला. तुम्ही दोघांनी आपापलं सांगा. तिच्यासमोर, तोंडाने.