एक काच आणि गोदाचा बैल

नगरहून पहाटे निघालो तेव्हा चिवड्याचा डबा मी मांडीवर घेतला आणि फोटो टिपायच्या कोऱ्या काचांची पेटी बैलगाडीत मागे ठेवली. हा खादाडपणा मला चांगलाच भोवला.

मी नगरला तिसरीचा मास्तर, आणि फोटो काढायचं भारी वेड. माझ्या वर्गाचा शाळेच्या नळापाशी काढलेला फोटो निजामाच्या हद्दीतल्या मुलांना दाखवायचा, त्यावर त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि त्यांचा फोटो आणून माझ्या मुलांना लिहायला बसवायचं, असा बेत होता. आष्टीजवळच्या एका खेड्यातले गुरुजी माझे जुने स्नेही. त्यांनी ताबडतोब होकार कळवला. मला तर आठवडाभर धड झोप नव्हती!

हद्दीचा नाका मागे पडला आणि कोरड्या ओढ्यात चाक दगडावरून आदळलं. चिवडा शाबूत, पेटीतल्या काचांचा चुरा! कॅमेऱ्यात आधीच चढवलेली तेवढी एक वाचली. मी डोकं धरून बसलो.

"एक तर हाय ना मास्तर? मंग कशापायी रडता?" गाडीवान म्हणाला, आणि चिवड्यासाठी हात पुढे केला.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरते. फोटो हातोहात फिरला आणि एकच गलका झाला. मुलांना माझ्या वर्गाच्या टोप्या दिसल्याच नाहीत. सगळ्यांचं लक्ष नळावर. गुरुजींनी कागद वाटले. शाळेतली एकुलती एक मुलगी गोदा, नऊ-दहा वर्षांची. तिने लिहिलं, "तुमचा बैल फोटोत न्हाई. त्यो कुठं बांधता?" मी हसलो, मग मलाच वाटलं, प्रश्न अगदी रास्त आहे; इथे बैलाने ओढल्याशिवाय पाणी वर येतच नाही.

"आमचं पानी कसं येतं ते त्यास्नी दावू," गोदाच म्हणाली. विहिरीवरची मोट तिच्या बापाची होती.

दुपारी सगळी वरात विहिरीवर. वाटेत कुणाच्या तरी शेतात हुरडा भाजत होते. बोटं पोळेपर्यंत खाल्ला, वर शेंगदाण्याची चटणी. गोदा दिवाळीचं परकर-पोलकं घालून आली होती.

"नगरच्या पोरी मला बघत्याल ना?" तिने तीनदा विचारलं.

"बघतील. फक्त मी तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही. हललं की तोंड पुसून जातं."

मुलं थारोळ्यापाशी (मोटेचं पाणी पडतं तो हौद) उभी केली, गोदा पुढे मधोमध. बैल धावेच्या (मोटेच्या उताराच्या) टोकाशी आले की पाणी पडेपर्यंत क्षणभर थांबतात, तेव्हाच टिपायचं ठरलं. पण मी डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि कडेचा पाखऱ्या बैल बुजला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर त्याने दावंच ओढलं. गोदाचा बाप ओरडून थकला. काच तर एकच.

गोदा रांगेतून निघाली. पाखऱ्याचं शिंग धरून तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीबाही बोलू लागली. बैल गप्प उभा राहिला.

"गोदा, बोलू नकोस! तुझं तोंड जाईल!"

"जाऊ द्या. ह्यो हालला तर समद्यांचंच जाईल."

मी कॅमेऱ्याची टोपी काढली. एक, दोन, तीन.

घरी काच धुतली तेव्हा आनंदाने ओरडलोच. पाणी, मोट, मुलं, पाखऱ्या, सगळं लख्ख! गोदाचा हात शिंगावर घट्ट. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पुसट डाग. मला फार वाईट वाटलं. फोटोवाले अशा वेळी पेन्सिलीने नाक-डोळे काढतात. मीही पेन्सिलीला टोक केलं, पण दुसराच कुणाचा चेहरा तिला लावायला हात धजेना.

फोटो तसाच वर्गात दाखवला, काही न सांगता. दोन ओळींपुढे कधी न जाणारी एक मुलगी पान भरून लिहीत बसली. मी मागून वाकून वाचलं.

"बैलाजवळच्या मुलीस, बाकी सगळे गप्प उभे आहेत. तुझं एकटीचं तोंड पुसलंय, म्हणजे तू बोलत होतीस. बैलाला काय सांगत होतीस ते मला कळव."

तिची पेन्सिल झिजून नखाएवढी उरली होती. खाली तिचं नाव लिहायला मी माझी टोकदार पेन्सिल तिला देऊन टाकली.